कुलूपबंद टाकीत हवा कुठून गेली?

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचतो. पांढरी साडी, अमावास्या, रिकामा बंगला... वाचून झालं की बायकोला म्हणायचो, "या लोकांकडे लाइट नसते का गं?" भूत, करणी, बाहेरची बाधा यातलं मी कधीही काही मानलं नाही. आजही 'मानतो' असं लिहून देणार नाही. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे आणि तिची संगती लागत नाही. जशी घडली तशी लिहितो, मीठमसाला न लावता.

मी राहायला कोथरूडला. धायरीत डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. आमच्या धंद्यात गाडी बंद पडायची कारणं मोजकी — गाडीला डिझेल कमी पडतं, हवा कमी पडते, नाहीतर मालकाला अक्कल.

गेल्या वर्षी दिवाळी उरकल्यावर रमेशशेठ दुकानात आले. त्यांचा बांधकामाच्या मालाचा धंदा, आणि एक वीस-बावीस वर्षांचा जुना ट्रक. तक्रार अशी की दसऱ्यापासून धायरीहून माल भरून पानशेत रस्त्याला निघालं की खडकवासल्याचं धरण मागे पडतं, डोणज्याच्या पुढे चढ लागतो आणि तिथे ट्रक बंद पडतो. दहा-पंधरा मिनिटं उभा राहतो, मग आपोआप चालू होतो. टाकी भरून निघाले की हे ठरलेलं. दुसऱ्या एका मेकॅनिकने फिल्टर बदलला, पाइप बदलले, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंपसुद्धा बदलला. फरक शून्य.

शेठची खरी तक्रार मात्र वेगळीच होती. ड्रायव्हरला शेजारी उभं करून ते मला म्हणाले, "मिस्त्री, गाडी बंद पडत नाही. बंद पाडतात. आणि डिझेल काढतात."

ड्रायव्हर म्हणजे निवृत्तीकाका. धायरीच्याच जुन्या शेतकरी घरातला माणूस, साठीला आलेला, ट्रक घेतल्या दिवसापासून त्यावर. डिझेल जातंय असं वाटून शेठने पावसाळ्यातच टाकीला कुलपाचं झाकण बसवलं होतं, दोन्ही किल्ल्या स्वतःकडे. तरी संशय गेला नव्हता. "आठ दिवसांत फॉल्ट सापडला तर ठीक, नाहीतर यांनी गाडीवरून उतरायचं," शेठ म्हणाले. काका जमिनीकडे बघत उभे राहिले. धायरी आता कितीही वाढली तरी जुन्या घरांना ती अजून गावच आहे. तिथे एकदा चोर म्हटलं की नातवंडांपर्यंत पुरतं. मला त्या माणसाचं वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला — निदान 'मी नाही' एवढं तरी म्हणावं की.

फॉल्ट मला पाच मिनिटांत दिसला. खंडेनवमीला शेठने हौसेने ट्रक रंगवून घेतला होता. पूजेची गाडी म्हणून टाकीच्या झाकणालाही लाल ऑइलपेंटचे दोन हात, वर पिवळं स्वस्तिक. झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं, ते रंगाखाली बुजलं होतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट येत नाही, दुसरं पाडावं लागतं — तसंच हे. डिझेल खर्च होतं, त्याच्या जागी हवा आत जात नाही, टाकीत ओढ तयार होते आणि शेवटी पंपाला डिझेल येणं थांबतं. टाकी भरलेली असली की हे लवकर होतं, म्हणून दर वेळी साधारण त्याच चढावर.

तिथेच रंग खरवडला असता तर काम संपलं असतं. पण मग शेठ म्हणाले असते, पकडला जाईल म्हणून याने चोरी थांबवली. म्हणून मी भोक तसंच बुजलेलं ठेवलं. किल्ली माझ्या खिशात घेतली. झाकण आणि टाकी यांच्यावरून शेठने कागदी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही केली. पंपाच्या अलीकडे मी पारदर्शक पाइपचा तुकडा जोडला, म्हणजे डिझेल येतंय की नाही ते डोळ्यांनी दिसावं. सकाळी दहाच्या सुमारास फरशा भरून काका आणि मी, दोघंच निघालो.

डोणज्याच्या पुढच्या चढावर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. मी उतरून बॉनेट उघडलं. पारदर्शक पाइपमध्ये डिझेल नाही, नुसते बुडबुडे. मला बरं वाटलं. आता काकांना साक्षीला घेऊन झाकण उघडायचं, हवा आत शिरल्याचा आवाज ऐकायचा, विषय संपला. मी फडक्याला हात पुसत होतो, तेवढ्यात टाकीवर कुणीतरी ठोकलं. तीनदा, बोटाच्या पेरांनी दारावर ठोकतात तसं. आणि पाठोपाठ तो आवाज आला... सुसूऽऽ करून हवा आत ओढली गेल्याचा. ज्याने एकदा असं झाकण उघडलंय तो हा आवाज दुसऱ्या कशाचा म्हणणार नाही. माझ्यासमोर पाइपमध्ये डिझेल सरकत आलं.

मी वळसा घालून डाव्या बाजूला गेलो. टाकी क्लीनरच्या बाजूला आहे. तिथे कुणी नव्हतं, लपायला झाडसुद्धा नव्हतं. पट्टी जशीच्या तशी, शेठची सही अखंड. किल्ली माझ्या खिशात. काका उजव्या बाजूला स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेले.

"तुम्ही उतरला होतात?" मी विचारलं.

"म्या हितंच हाय," ते म्हणाले. "आता व्हईल चालू."

आणि झाला. पाइपातली हवा काढायला हातपंपसुद्धा मारावा लागला नाही.

भीती वाटली का? नाही. चीड आली. परत आल्यावर तीच टाकी, तेच झाकण ठेवून मी आतली हवा खेचली आणि गेज लावला. म्हटलं, कुठेतरी बारीक गळती असेल, तिथून हवा शिरत असेल. दोन तास काटा केसभर हलला नाही. सगळे जोड पुन्हा तपासले. एकही ढिला नव्हता.

शेठला मात्र मी फक्त झाकण दाखवलं. त्यांच्यासमोर रंग खरवडला, भोक दाखवलं, पट्टी आणि सही दाखवली. माणूस तापट असला तरी खोटा नाही. गोदामातल्या सगळ्या माणसांदेखत त्यांनी काकांना हात जोडले, "चुकलं माझं." काकांनी मान हलवली. मी हवेच्या भोकाचं नवीन झाकण बसवून दिलं. त्यानंतर ट्रक एकदाही बंद पडला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी काका चहाच्या टपरीवर भेटले. म्हटलं, "काका, ते ठोकणं... तुम्हाला माहीत होतं ना?"

कप खाली ठेवून ते म्हणाले, "थोरला भाऊ हुता माझा, सदाशिव. ह्याच गाडीवर क्लीनर. दोन वर्सं झाली जाऊन. पयलं झाकन बी असंच गुदमरायचं. गाडी थांबली की त्यो उतरायचा, तीनदा ठोकायचा, झाकन ढिलं करायचा."

"म्हणजे फॉल्ट काय आहे ते तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"व्हतं."

"मग बोलला का नाहीत? चोर ठरत होतात तुम्ही."

"बोललो असतो तर तुमी झाकन बदललं असतं."

तीस वर्षांत दुरुस्ती केल्याबद्दल मला पहिल्यांदाच अपराधी वाटलं. काकांच्या ते लक्षात आलं असावं. "तुमचं काम तुमी केलं, मिस्त्री," ते म्हणाले. "शेठनं हात जोडले, घरच्यांच्या कानावर गेलं. बरं झालं."

हल्ली ते त्या चढावर स्वतःच गाडी थांबवतात, दहा मिनिटं. शेठला माहीत आहे, शेठ काही म्हणत नाहीत. परवा मी विचारलं, काही ऐकू येतं का?

"न्हाई," काका म्हणाले. "आता गाडीला काय अडचनच न्हाई. त्यो कशापाई उतरंल?"

गाडी बंद का पडत होती, ते मी कुणालाही कागदावर काढून दाखवीन. चालू कशी होत होती, ते मला आजही सांगता येत नाही.