अमेरिकेला पाठवलेला विनंती अर्ज

गुलामी संपल्यावर अमेरिकेत कापूस वेचणाऱ्या बायकांचं काय झालं, हा माझ्या पीएचडीचा विषय. हिंगोलीत कोणाला सांगितला की आधी हसू, मग "काहून?" माझी आई जवळा बाजारच्या शिवारात कापूस वेचते, म्हणून. मार्गदर्शक सरांना एवढ्यावर पटेना. "दिवाळीपर्यंत मूळ साधनं दाखव, नाहीतर विषय बदल," त्यांनी बजावलं. कॉलेजच्या ग्रंथालयात अमेरिकेच्या नावाचं एकच कपाट होतं, आणि त्यातली पुस्तकं माझ्याआधी वाळवीने वाचून काढली होती.

आमच्या ग्रंथपाल मॅडमनीच मला तिकडच्या एका ग्रंथालयाची वेबसाइट उघडून दिली. त्या बायकांच्या जुन्या मुलाखती तिथे होत्या, पण खोक्यांत बंद. खाली लिहिलं होतं, 'ग्रंथपालांना विचारा'. मी आपल्या रीतीने विचारलं. ईमेलने रीतसर विनंती अर्ज, मुक्काम पोस्ट तालुका जिल्ह्यासकट, सोबत आधार कार्ड, बोनाफाईड आणि सरांच्या सहीशिक्क्याचं पत्र. सहीशिक्क्याशिवाय दार उघडतं, हे मला कुठे माहीत होतं?

उत्तर आलं तेव्हा मी एसटीची वाट बघत होते. तिकडच्या ग्रंथपाल बाईंनी लिहिलं होतं, 'तुमची कागदपत्रं मी पुसून टाकली. इथे नुसता प्रश्न पुरतो.' आणि खाली मुलाखतींची पानंच्या पानं, फोटोंसकट. मी स्टँडवरच रडले. सरांनी ती पानं सावकाश चाळली आणि "चालू दे" म्हणाले. त्या बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

घरी आईला एक फोटो दाखवला. खांद्याला लांबलचक पिशवी अडकवून ती ओढत वेचणारी बाई.

"अगं माय! एवढं वझं मातीतून ओढून राहिली? आमी कंबरेला ओटी बांधतो ते बरं." मग लगेच, "त्या बाईनं एवढं दिलं, तू काय दिलं?"

शेजारणीचा डबा आईने कधी रिकामा परत केलेला नाही. ईमेलला डबा नसतो, हे तिला पटेना.

"मंग इच्यार तिला, काय पाह्यजे."

विचारलं. बाईंनी एकच मागितलं: तुमच्या आई कापूस कसा वेचतात ते त्यांच्याच तोंडून, या मुलाखतींशेजारी ठेवायला.

आई ठेवणीतली साडी नेसून कापसाच्या पऱ्हाटीत उभी राहिली. मी फोन समोर धरला, तर हिचाच आधी प्रश्न.

"माझा बी अर्ज करावा लागंल का?"

"न्हाई माय. त्यांनीच तुला इच्यारलंय."

तिने पदर सारखा केला आणि बोलायला लागली.