झनूनने न फेकलेला सांगाडा

अख्खा इराक मोसूलच्या माणसाला कंजूष म्हणून हसतो, आणि अख्खं मोसूल झनूनला हसायचं. लढाईत फुटलेल्या, जळालेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचे फोटो, कागद बाहेर काढायचं त्याचं दुकान होतं. मेलेल्या डिस्कचे धड भाग काढायचे आणि दुसरीला बसवायचे. उरलेल्या सांगाड्यालाही तो झाकण लावून फळीवर ठेवायचा.

"हाडं कसली साठवतोस रे?" शेजारचा चहावाला विचारायचा.

"तुझ्या घरात जागा मागितली का?" झनून म्हणायचा.

डिस्क उघडण्याआधी तो तोंडाला फडकं बांधून बिस्मिल्ला म्हणून घ्यायचा. नंतर एक अक्षर नाही. आतल्या आरशासारख्या तबकडीवर थुंकीचा कण उडाला तरी सगळं संपतं.

एके दिवशी हारिसची आई अबायाच्या काळ्या झग्याखाली डिस्क लपवून आली. सगळे तिला उम्म हारिसच म्हणायचे. लग्नाच्या कपड्यांवर मणी टाचून तिनं पोराला वाढवलं होतं. हारिस भट्टीवर समून नावाचे पाव भाजायचा. सोळा दिवसांपूर्वी बंदूकवाले भट्टीत शिरले. भट्टीतल्या कॅमेऱ्याचं चित्र टीव्हीतच राहतं असं समजून जाताना त्यांनी आधी टीव्हीला गोळ्या घातल्या. मग कुणीतरी अक्कल शिकवली, तेव्हा खालच्या, चित्र साठवणाऱ्या पेटीवर बंदुकीचा दस्ता हाणला. मालक पिठाच्या पोत्यांमागे लपला होता. बाहेर आला तेव्हा हारिस नव्हता. उंबऱ्यावर रक्त होतं. पेटीतली डिस्क मालकानं गुपचूप उम्म हारिसला दिली.

"ते बंदूकवाले म्हणतात, पळून गेला. उस्ता, जिवंत असेल तर मी वाट बघेन. मेला असेल तर त्याच्यावर नमाज तरी होऊ दे. असं मधेच लटकवून ठेवू नका मला."

झनूननं डिस्क उघडली. तबकडी शाबूत होती, तिच्यावर फिरून वाचणारा दांडा मात्र तुटला होता. अगदी त्याच जातीची एक मेलेली डिस्क फळीवर होती. तिचा दांडा काढून त्यानं हारिसच्या डिस्कजवळ ठेवला, मागच्या खोलीतल्या काचेच्या पेटीत. रिकामा सांगाडा सवयीनं परत फळीवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या बंदूकवाल्यांतले दोघं आले.

"भट्टीवरची डिस्क कुठंय?" त्यातल्या तुटक्या दाताच्यानं विचारलं.

"कुठली भट्टी, भाऊ?"

त्यानं झनूनचीच हातोडी उचलली. दुसऱ्यानं झनूनचा उजवा हात टेबलावर दाबून धरला. पहिल्या घावात अंगठा चेचला.

"आठवली?"

दुसऱ्या घावात बोटाचं हाड कातडी फाडून वर आलं. झनून टेबलावरच ओकला. तिसऱ्या घावाला त्यानं डावा हात फळीकडे केला. तिथं तो रिकामा सांगाडा होता.

तुटक्या दाताच्यानं सांगाड्यावरची कंपनीची चिठ्ठी वाचली, जात तीच बघून मान डोलावली आणि दुकानातच त्यात चार गोळ्या घातल्या. एक तुकडा झनूनचा कान चिरून गेला.

"आता काढ यातनं फोटो, कंजुषा!" दोघं हसत निघून गेले.

दुपारी उम्म हारिस आली. तिनं पुठ्ठ्यात बांधलेला हात बघितला.

"संपलं का, उस्ता?"

"डिस्क आहे. हात नाही. तुमचा हात लागेल."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मणी टाचता ना? तेवढीच नजर हवी. पण बोलायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही."

कुठं धरायचं, कुठं सरकवायचं, ते त्यानं आधीच सांगितलं. दोघांनी फडकी बांधली, बिस्मिल्ला म्हटलं. मग फक्त त्याचं डावं बोट खुणा करत होतं. दोनदा चिमटा निसटला. तिसऱ्यांदा दांडा बसला. झाकण लावलं. डिस्क फिरू लागली.

पडद्यावर हारिस भट्टीत पाव सरकवत होता. तुटक्या दाताच्यानं त्याच्या तोंडावर दस्ता मारला. हारिसनं दाराची चौकट धरली, तर त्याच्या बोटांवरही मारलं. मग छातीत दोन गोळ्या, आणि पडल्यावर कपाळात एक. पाय धरून ओढत नेलं. चपला तिथंच राहिल्या.

आता रडायची मुभा होती, पण ती रडली नाही.

"परत दाखवू?"

"नको. नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला, पाणी कुठंय?"

मागच्या खोलीत झनून पुढं उभा राहिला, ती मागं. मयताची नमाज उभ्यानंच होते. अल्लाहु अकबर म्हणताना उजवा हात काही वर जाईना. डाव्या हातानं मनगट धरून त्यानं तो कानापर्यंत नेला. तेव्हा कुठं मागून तिचा पहिला हुंदका आला.