वर्णन मी काढणार नाही

पुण्याच्या एका कंपनीसाठी मी सिंदी गावातल्या घरातून डिझाइनचं काम करते. मधुमेह असणाऱ्यांसाठी एक अ‍ॅप तयार होत होतं. आजची साखर कुठल्या टप्प्यात आहे, हे दाखवणारं चित्र नीट करायला माझ्याकडे आलं. हिरवा गोल म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे डॉक्टरांकडे जा.

मी फोन आत्याच्या हातात दिला. तिला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर फोनच तिला वाचून दाखवतो. साखरेचा त्रास तिलाही आहे. तिने बोट टेकवलं.

"चित्र," फोन म्हणाला. तिने पुन्हा टेकवलं. "चित्र."

"चित्र हाय, समजलं. पण त्यात हाय काय?"

बाबांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. तेही वाकून म्हणाले, "मले तं दोन गोल सारखेच दिसून राह्यले."

मी ते चित्र मुळापासून नवं केलं. प्रत्येक टप्प्याला वेगळा आकार दिला, आत ठळक शब्द लिहिले, आणि फोनला वाचता यावं म्हणून चित्रामागे वर्णन जोडलं.

व्हिडिओ कॉलवर ते पाहून कंपनीच्या साहेबांनी नाक मुरडलं. "गर्दी झालीय. अशी माणसं असतात तरी किती?"

"माझ्याच घरात दोन आहेत."

"तुझ्या घरावरून अ‍ॅप ठरत नाही. आकार राहू दे, ते वर्णन काढ. पुढच्या वेळी बघू."

भिंतीला हात लावत आत्या माझ्या खुर्चीपाशी आली. "साहेब, माही साखर आज वाढली, तं पुढच्या वेळेपर्यंत थांबू काय मी?"

तिला मागे करणं मला सहज जमलं असतं. मी कॅमेरा तिच्याकडे वळवला.

"वर्णन मी काढणार नाही," मी म्हटलं. "काढायचंच असेल तर दुसऱ्या कुणाच्या हातून काढून घ्या."

कुणी काढलं नाही. पुढचं मोठं काम मात्र दुसरीला मिळालं. मी हट्टी आहे, असं मला कळवण्यात आलं. वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही.

अ‍ॅप आलं आणि एका सकाळी आत्याचा फोन बोलला, "साखर जास्त. डॉक्टरांना भेटा."

"काऊन एवढ्या जोरानं सांगते हा?" ती कुरकुरली. मग बाबांना उठवून, त्यांना सोबत घेऊन सावंगीच्या दवाखान्यात गेली.

सध्या माझ्याकडे बारीकसारीक चित्रंच येतात. कुणी सांगत नाही, तरी प्रत्येकाला वर्णन जोडूनच मी ती पाठवते.