टाकीची उंची

धाटावच्या केमिकल कंपनीत धनेश टाक्यांवर ऑपरेटर होता. राहायला रोह्याला. शिफ्ट सांभाळून, सुट्टीला पेणला जाऊन त्याने कॉम्प्युटर क्लास केला, सी भाषा शिकला. चौऱ्याण्णव साली साहेबांनी सांगितलं, प्लांटचा आणि लॅबचा प्रोग्राम शनिवारपर्यंत एक कर, तुला कॉम्प्युटर रूममध्ये घेतो. वाफा गिळून धनेशची छाती धरली होती. बायको सरू म्हणाली, "एवढं काम हातचं घालवू नका."

प्लांटचा प्रोग्राम त्याचाच. लॅबचा प्रणिता मॅडमचा. कुठली वस्तू म्हणजे काय हे मशीनला आधी सांगावं लागतं, ते हेडर फाइलीत. दोघांनीही आपापल्या फाइलीत 'टाकी' सांगून ठेवली होती. फाइली जोडल्या की प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत नेणारा कंपायलर अडायचा: टाकी दोनदा सांगितली आहे.

धनेशने फाइलींचा क्रम बदलला. एरर लॅबच्या फाइलीवरून उठली आणि त्याच्या फाइलीवर बसली. तिथे तर त्याने या वेळी हातही लावला नव्हता. अर्धी व्याख्या पुसली, तर पानभर एरर. अडकलेला व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा हे त्याला कळत होतं. इथे बाजूच कळेना. क्लासचे सर म्हणाले, दोन्ही एकच आहेत, एक ठेव. त्याने मॅडमची ठेवली. एरर गेली.

पडद्यावर आलं: पाच नंबर टाकी, उंची चार इंच, भरा.

ती टाकी सकाळी त्यानेच काठापर्यंत भरली होती. तो लॅबमध्ये गेला.

"मॅडम, टाकीची उंची म्हणजे तुम्ही काय धरलंय?"

"तळापासून ॲसिड किती ते. दुसरं काय असणार?"

"आमी वरून मोजतो. ॲसिडात पट्टी कोण बुडवनार? वरचा सुका भाग तेवढा लिवतो."

प्रणितालाही हे आजच कळत होतं.

शनिवारी साहेबांनी विचारलं, "एरर नाही ना? मग लाव."

"एरर नाय साहेब. पन लावला तर भरलेल्या टाकीत पंप चालू व्हईल."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि सोमवारी परत टाक्यांवरच शिफ्टला यायला सांगितलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत धनेशने दोन फाइलींतल्या 'टाकी'ला दोन वेगळी नावं दिली. आता एका मापावरून दुसरं काढायचं, तर प्रत्येक टाकीची पुरी उंची हवी. ती कुणाकडेच नव्हती. तो टेप घेऊन शिडी चढला.

घरी सरूने विचारलं, "जमलं का?" एरर होती तोवर सगळं ठीक होतं आणि गेली तेव्हा बिघडलं, हे तिला कसं सांगावं, ते त्याला कळेना.