हौसानं धाडलेली पाठराखीण

आमच्या हौसाला तिच्या दारातून कुणी उपाशी गेलेलं खपत नसे. मग तो मीटर बघायला आलेला वायरमन असो नाहीतर कुणाची चुकलेली शेळी. "आधी खा, मग तुझं काम," म्हणायची. वायरमन तर आमचा मीटर जेवायच्या टायमालाच बघायचा.

आमची लेक रेखा लग्न होऊन चंदीगडला गेली. जावई दिवसभर कामावर, पोरीला तिकडची भाषा येईना. फोनवर नुसती रडायची. हौसा म्हणाली, "नव्या नवरीसंगं पाठराखीण जाती. हिच्यासंगं कोण गेलं? आता चिंगीला धाडायची."

चिंगी म्हणजे आमची कुत्री, रेखानंच वाढवलेली.

"आगं, कुत्री विमानानं जाती व्हय?" मी म्हणालो.

"माणसं वर बसत्यात, जनावरं खाली मालात. जावयानं इचारलंय समदं. पोरगी रुळली की पाठराखीण माघारी येती. रीतच हाय."

जनावराच्या डॉक्टरचा दाखला घेतला, पिंजरा आणला. हौसानं त्यात आपलं जुनं लुगडं अंथरलं. कळंबहून गाडी करून पुण्याला विमानतळावर माल घेतात तिथं गेलो. तिथल्या माणसानं विचारलं, "मावशी, सकाळी हिला खायला घातलं नाही ना?"

"घातलं की. दोन पुरणपोळ्या, वर दूध. लेकीच्या घरी उपाशी धाडू व्हय?"

त्यानं कपाळाला हात लावला. भरल्या पोटी जनावर ओकतं, पिंजऱ्यात गुदमरून जीवही जातो, म्हणाला. ते विमान गेलं. संध्याकाळच्या विमानात जागा मिळाली, पण तोवर नुसतं पाणी.

हौसा पिंजऱ्याला टेकून बसली. मी वडापाव आणला तर म्हणाली, "ती उपाशी, मी कशी खाऊ? तुमी खावा, तुमाला लाज कुठंय." मी दोन खाल्ले. त्या माणसालाही तिनं डब्यातली पोळी खायला लावली. म्हणाली, "तू काय पिंजऱ्यात बसणार न्हाईस."

चिंगी पोचल्यावर रेखाचा फोन आला. मागं चिंगी भुंकत होती आणि पोरगी हसत होती. तेव्हा कुठं हौसा जेवली.

पोरगी रुळली, पण पाठराखीण माघारी आली नाही. "ती तितंच नांदाय लागली," हौसा म्हणायची.

यंदा उसाला तोड आली आणि हौसा गेली. झोपेतच. दिवसकार्याला आलेल्या रेखानं घरातली गार पडलेली चूल बघितली. परत गेल्यावर तिचा फोन आला, "आबा, पाठराखीण माघारी धाडतीय. विमानतळावर जावा."

चिंगी आता म्हातारी झालीय. पिंजऱ्यात तेच लुगडं होतं. घरी येऊन तिनं खोल्या हुंगल्या, गोठा हुंगला आणि चुलीपुढं येऊन बसली.

"न्हाय ती," मी म्हणालो.

चिंगी बघतच राहिली. विमानाचा नियम पाळून आलेली, उपाशी होती. मग मी चूल पेटवली, भाकरी थापली. वाकडी झाली, एका बाजूनं करपली. करपलेली बाजू मी घेतली.