डावी सीट

झेंडू आणि पेट्रोलचा वास एकत्र आला की शिरूरमधली ती सकाळ आठवते. कंपनीत रोज जायला मी टप उघडणारी, जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली होती. आईनं चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. नव्यानं घेतलेल्या गाडीतून घरातल्या सगळ्यांनी आधी देवळात जायचं, अशी आमच्याकडची रीत. पण आई, वडील आणि मी असे आम्ही तिघं आणि सीटा दोनच. आबा म्हणाले, “तुमी दोघं व्हा म्होरं, मी येतो चालत. मला काय, कवाबी बसता येईल.” पुढं रोज संध्याकाळी मी कामावरून आलो की ते डावी सीट उपरण्यानं पुसायचे. “बसा की आबा,” म्हटलं की म्हणायचे, “उद्या बसू.” आबांच्या अस्थींचं मडकं घोड नदीवर न्यायला त्या सीटवर ठेवू लागलो, तर तिच्यावर धूळ बसलेली होती. आता ती मी पुसतो.