हात जोडायच्या आधी

दशलक्षण पर्व संपलं होतं. निपाणीच्या बस्तीत, जैन मंदिरात, सकाळपासून माणसं एकमेकांपुढं हात जोडत होती. "उत्तम क्षमा." "उत्तम क्षमा." वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल, तर आज माफी मागायची नि मोकळं व्हायचं. आईच्या मागं उभं राहून अरिहंतनंही दिसेल त्याला हात जोडले. त्यातल्या एकाचंही त्यानं कधी काही बिघडवलं नव्हतं. ज्याचं बिघडवायचं होतं, तो अजून बेळगावजवळच्या सांबऱ्याहून यायचा होता.

"तोंड का उतरलंय रं?" चपला शोधता शोधता आईनं, त्रिशलाबाईंनी, विचारलं.

"झोप न्हाय."

"कशी येईल? कुणी कुणाला गोळी घातली ते बघत बसतोस. नि इथं येऊन क्षमा मागतोस!"

"आई, मी कोच आहे. मी एक पण गोळी मारत न्हाय आता."

"मारायला लावतोस की."

अरिहंतनं वाकून तिची चप्पल शोधून दिली. 

अठ्ठाविसाव्या वर्षी तो म्हातारा झाला होता. मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळात माणूस लवकर पिकतो. एके काळी बेंगळुरूच्या एका टीमकडून तो आणि त्याचा दोस्त भरमू खेळायचे, तेव्हा स्टेजवरच्या दिव्यांत त्याचं नाव झळकायचं. मग मनगट गेलं. सुट्टी संपवून तो परत निघाला होता, बॅग खांद्याला लावून निपाणीच्या स्टँडवर उभा होता, आणि मोबाइलवर मॅनेजरचा आवाज आला. रेकॉर्ड केलेला, गोड. 'ब्रो, आता येऊ नकोस.' उलटून बोलायला समोर कुणी नव्हतंच. बस आली, थांबली, गेली.

त्याच आठवड्यात भरमूही बेंगळुरू सोडून आला. त्याला कुणी काढलं नव्हतं. "अरिहंत न्हाय तर म्या बी न्हाय," एवढंच तिथं सांगून आलेला.

पुढं वडिलांच्या तंबाखूच्या वखारीवरच्या माडीवर अरिहंतनं आसपासच्या पोरापोरींची टीम उभी केली. तिथं नवा माणूस आला की आधी शिंकायचा, मग खेळायचा. कोचाचं काम म्हणजे झालेला खेळ बघणं, थांबवणं, मागं नेणं, पुन्हा बघणं. मधल्या वेळात इन्व्हर्टरमध्ये पाणी घालणं आणि पोरांच्या आईबापांचे फोन घेणं. टीममधलं पहिलं नाव अर्थातच भरमूचं. मधल्या काळात बेळगावजवळच्या मच्छे गावात धरलेली कारखान्यातली नोकरी सोडून तो आला.

परवा बेंगळुरूला निवडीचे सामने होते. चौघं खेळणार, पाचवा बाहेर बसणार. संध्याकाळपर्यंत नावं कळवायची होती. पाचवी होती अक्कोळची आरोही. तिला भरमूनंच शोधून आणलं, शिकवलं. आणि आता तिचा हात पुढं गेला होता, भरमूचा मागं पडला होता. अरिहंतला हे कधीचं दिसत होतं. पण पर्व होऊ दे, क्षमेच्या दिवशी सांगितलं की जरा सोपं जाईल, असं म्हणत त्यानं दिवस ढकलले होते.

दुपारी सांबऱ्याहून भरमू आला. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल बडवून घसा बसलेला, कानामागं अजून गुलाल.

"मावशी, उत्तम क्षमा! वर्षभर तुमच्या घरात लई जेवलो."

"आजपण जेवूनच जा," त्रिशलाबाई हसल्या. "पण दिवस बुडायच्या आत हं, नंतर आमच्यात जेवत न्हाईत."

माडीवर अरिहंतनं शेवटच्या सराव सामन्याचं रेकॉर्डिंग लावलं नि एका जागी थांबवलं. मागं नेलं. पुन्हा लावलं. भिंतीआडून शत्रू निघाला, भरमूनं ओळखला, "डावीकडं!" म्हणून ओरडलाही. पण हात पोचेपर्यंत पडद्यावरची आरोही मेली होती.

"ढोलानं हात जड झालाय," भरमू म्हणाला. "दोन दिवसांत होतोय मोकळा."

"गेल्या वर्षीबी हेच म्हणालतास."

"गेल्या वर्षीबी ढोल होता की रं!"

"मे महिन्यात कुठला ढोल होता, भरम्या?"

खाली वखारीत पोती ओढल्याचा आवाज येत राहिला. भरमू पडद्याकडं बघत होता. अरिहंतनं नकळत हात जोडले.

"भरमू, उत्तम..."

"हात खाली घे."

"अरं, ऐक तर..."

"खाली घे म्हटलं ना! सकाळपासून गावाला जोडलास ते वेगळं. मला आधी काय केलंस ते सांग. मग जोड."

अरिहंतचे हात खाली आले. मनगट ठणकत होतं. वाटलं, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवणं किती सोपं असतं.

"परवा तू खेळणार न्हाईस," तो म्हणाला. "आरोही खेळणार. तुझा हात गेलाय. माझा गेला तसाच."

 खेळताना अंगठ्यांवर चढवायच्या कापडी टोप्या भरमूनं टेबलावरून उचलल्या, खिशात घातल्या.

"कवापास्नं ठाऊक होतं?"

"पर्वाच्या आधीपास्नं."

"म्हंजे आजच्या दिवसासाठी राखून ठेवलास व्हय? सांगायचं नि लगेच माफीबी घ्यायची, एकाच फेरीत?"

अरिहंतनं होकारार्थी मान हलवली. खोटं बोलायची ताकदही उरली नव्हती.

"क्षमा न्हाय," भरमू म्हणाला. "पुढल्या वर्षी ये. तवर मी राग धरणाराय."

"धर."

"तोंडावर सांगितलास म्हणून मारत न्हाय एवढंच."

तो जिना उतरला. त्रिशलाबाईंनी हाक मारली, तर "भूक न्हाय मावशी" म्हणत रस्त्याला लागला. बेळगावच्या दिशेनं निघालेली त्याची पाठ वळणापर्यंत माडीच्या खिडकीतून दिसत राहिली. पाठीवरही गुलाल होता.

अरिहंतनं नावं कळवून टाकली. आरोही आली तोवर ऊन उतरलं होतं.

"अण्णा, भरमूआप्पा कुठायत? आज मला तो भिंतीचा डाव शिकवणार होते."

"गेला."

"परत कधी येणार?"

"रागावलाय," अरिहंत म्हणाला. "बस. रेकॉर्डिंग लाव."

खालून आईनं दिवस बुडायला आल्याची हाक दिली. भरमूचं धरून ताटं दोन वाढलेली होती. तो उठला नाही. आरोहीनं रेकॉर्डिंग लावलं, आणि भरमूचा आवाज माडीभर घुमला, "डावीकडं!"

"थांबव," अरिहंत म्हणाला. "मागं घे."